पानाला पडलेलं भोक

रिटायर झालेल्या माणसापुढं तीन वाटा असतात. पहिली, रोज सकाळी मंडईपर्यंत चालत जायचं आणि भाजीवाल्याला आपल्या लहानपणचे भाव सांगायचे. दुसरी, सोसायटीच्या कमिटीत शिरायचं आणि पाण्याच्या टाकीवरून उरलेलं आयुष्य भांडण्यात घालवायचं. आणि तिसरी, बाग करायची. पहिल्या वाटेनं पाय दुखतात आणि दुसऱ्या वाटेनं डोकं. म्हणून मी तिसरी धरली. बागेत कुणाशी वैर होत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

बाग म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत आम्ही तळमजल्यावर राहतो. मागच्या दारी वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी जमिनीची एक पट्टी आहे. तिला बिल्डरच्या माहितीपत्रकात 'खासगी उद्यान' असं म्हटलं होतं. त्याच माहितीपत्रकात आमच्या न्हाणीघराला 'प्रशस्त' म्हटलं होतं, तेव्हा शब्दांचं माप वाचकांनीच लावून घ्यावं. या पट्टीत मी सात गुलाब लावले, नऊ क्रोटन लावले, कुंपणावर बोगनवेल चढवली आणि मधोमध सहा बाय आठची हिरवळ केली. हिरवळ ही एक गमतीची चीज आहे. तिच्यावर चालायचं नाही, बसायचं नाही, गाईला ती घालायची नाही, पण एप्रिल महिन्यात, खडकवासल्याचं पाणी दिवसाआड येत असताना, स्वतःच्या आंघोळीची बादली मात्र तिला नेऊन घालायची.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ तिथं आहे. मी ऑडिटमध्ये बत्तीस वर्षं काढली. दुसऱ्यांच्या हिशेबातली भोकं शोधणं हे माझं काम. व्हाउचरला साधं टाचणीचं भोक जास्तीचं दिसलं तरी 'हे मागं दुसरीकडं कुठं जोडलं होतं का?' असं मी विचारीत असे. हा डोळा रिटायर होत नाही. ऑफिसनं मला निरोपाचा नारळ दिला, पण डोळा माझ्याकडंच राहिला आणि तो बागेतल्या पानांवर जाऊन बसला. पानाला भोक दिसलं की मला ते स्वतःच्या चारित्र्याला पडल्यासारखं वाटायचं. दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तिथली गुळगुळीत, एकसारखी, बिनभोकाची पानं पाहून घरी आलो की मला आमच्या झाडांकडं बघवत नसे. दुसऱ्यांच्या हुशार मुलांचं प्रगतिपुस्तक पाहून आल्यावर बाप आपल्या मुलाकडं बघतो, तसा मी गुलाबाकडं बघत असे.

बागेत एकच झाड माझं नव्हतं. ते हिचं. या जागेत राहायला आलो तेव्हा हिच्या आईनं वाड्यातल्या कढीलिंबाचं एक रोप दुधाच्या डब्यात घालून आणलं होतं. वाडा पुढं पडला, सासूबाईही गेल्या, पण कढीलिंब दहा फूट वाढला. आमच्या घरची फोडणी गेली कित्येक वर्षं त्याच्या जिवावर चालू आहे.

एका जुलैत या कढीलिंबाच्या कोवळ्या पानांवर मला पाखरांची शीट पडलेली दिसली. काळपट, मध्ये पांढरी. पावसानं धुऊन जाईल म्हणून मी सोडून दिलं. दोन दिवसांनी शीट तिथंच होती. चार दिवसांनी ती दुसऱ्या पानावर गेली होती. शीट चालते हे काही मला कुठल्या नियमावलीत वाचल्याचं आठवेना. जवळ जाऊन चश्मा पुसून पाहिलं, तर ती अळी! बोगस बिलं पकडण्यात ज्यानं जन्म घालवला, त्याला बोटभरसुद्धा नसलेल्या एका अळीनं चक्क बनावट कागद दाखवून फसवलं होतं. आठवड्याभरात त्या अळ्यांनी कात टाकली, हिरव्यागार झाल्या, फुगल्या आणि त्यांनी फांद्यांच्या नुसत्या काड्या केल्या. एकीला मी काडीनं डिवचलं तर तिनं डोक्यामागून तांबडं दुटोकी शिंग बाहेर काढलं आणि असा काही उग्र वास सोडला, की आमच्या ऑफिसचा जुना रेकॉर्डरूम मला आठवला.

वरच्या मजल्यावरचे आप्पा गॅलरीतून बघत होते. आप्पा हे सल्ल्याच्या बाबतीत अत्यंत उदार आहेत.

"औषध मारा, औषध!" ते म्हणाले, "दोन दिवसांत साफ."

आपल्याकडं विषाला औषध म्हणतात. मी दुकानातून 'औषध' आणलं. बाटलीवर लाल अक्षरांत 'विष' असं छापलं होतं. छापणारा आप्पांपेक्षा प्रामाणिक होता.

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे. ती वगळली असती तर हा लेख अधिक खेळकर झाला असता. कढीलिंबाशेजारी अंजिराचं झाड होतं आणि त्याची दोन रुंद पानं एकमेकांना शिवून शिंपी पक्ष्यानं त्यात घरटं केलं होतं. हिनंच मला ते दाखवलं होतं. अंगठ्याएवढा जीव, पण आवाज असा की सोसायटीच्या मीटिंगला चेअरमन करावा. आत तीन पिल्लं होती. नर-मादी दिवसभर चोचीतून काहीबाही आणून त्यांना भरवीत होते. मी फवारा मारला तो फक्त कढीलिंबावर. अंजिरावर एक थेंब उडू दिला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. दुसऱ्या दिवशी अळ्या टपटप खाली पडल्या. आप्पांनी वरून शाबासकी दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याचा आवाज आला नाही. चौथ्या दिवशीही आला नाही. मग मी स्टूल घेतलं आणि वाकून पाहिलं. तीन पिल्लं तशीच, चोची वर करून, मेलेली होती.

ती विषारी अळी खाऊन मेली, की अळ्या संपल्यामुळं उपाशी मेली, की आईबापांनाच काही झालं, मला माहीत नाही. पुरावा नाही. ऑडिटच्या भाषेत सांगायचं तर माझ्यावर वसुली निघत नव्हती. ही काही बोलली नाही. तिनं खुरप्यानं अंजिराखाली एक छोटा खड्डा केला, एवढंच. पण त्यानंतर महिनाभर ती मंडईतून कढीपत्त्याची जुडी आणीत होती. दारात झाड असताना विकतची जुडी! रोज फोडणीचा वास आला की मला तो आक्षेप ऐकू येई, आणि त्याला खुलासा काय द्यावा हे बत्तीस वर्षांच्या अनुभवातून सुचत नव्हतं.

दिवाळीत माझी भाची आली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिनं बागेत एक फेरी मारली आणि म्हणाली, "मामा, तुझी बाग म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल आहे. टेबलं आहेत, खुर्च्या आहेत, फुलदाण्यासुद्धा आहेत. फक्त आत स्वयंपाकघर नाही."

मग तिनं माझा वर्ग घेतला. फुलपाखरू मध कुठल्याही फुलातला पिईल, पण त्याची अळी कुठलंही पान खात नाही. प्रत्येकाचं घराणं ठरलेलं. मॉर्मन फुलपाखराची अळी लिंबाच्या कुळातलं पान खाणार, मग ते लिंबू असो की कढीलिंब. काळ्यापिवळ्या पट्ट्यांची ती रुईवर. बहाव्यावर वेगळी, सापसंदाच्या वेलावर आणखी वेगळी. मादी अंडं घालण्याआधी पानावर पाय आपटून चव बघते. पायानं चव! आमच्या घरी कुणी पानाला पाय लावला असता तर आजीनं आधी पाया पडायला लावलं असतं. आणि चिमणीसारखं दाणे टिपणारं पाखरूसुद्धा आपल्या पिल्लांना मात्र किडे-अळ्याच भरवतं. दाण्यावर तान्हं पिल्लू वाढत नाही.

"तुला फुलपाखरू हवं आणि अळी नको," भाची म्हणाली. "नातू हवा, पण दुपटी नकोत, त्यातला प्रकार."

जाता जाता तिनं आणखी एक माहिती दिली. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ब्लू मॉर्मन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं आपलं राज्य देशात पहिलं. या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबाच्या कुळातल्याच पानांवर वाढते. म्हणजे जुलै महिन्यात मी ज्यांच्यावर फवारा मारला, ते साक्षात राज्य पाहुण्यांचे चुलत भाऊ होते!

पश्चात्ताप झालेला माणूस फार धोकादायक. तो आधीपेक्षा दुप्पट जोरानं चूक करायला निघतो. मी ठरवलं की आता बागेत फक्त या मातीतली झाडं. वही घेतली, दोन रकाने आखले, 'आपले' आणि 'परके', आणि झाडून सगळ्यांचं ऑडिट सुरू केलं. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची निघाली. सोसायटीच्या फाटकावरचा गुलमोहर, ज्याच्यावर आपल्या कवींनी उन्हाळेच्या उन्हाळे काढले, तो मादागास्करचा. देवचाफा अमेरिकेतला. निशिगंध मेक्सिकोचा. ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही, तोही मेक्सिकोचा! सीताफळ आणि रामफळ तरी आपलं असेल म्हणून मी निःशंक होतो. नावं काय, कुळ काय! पण दोघंही अमेरिकेतलीच. वनवासाचा पल्ला इतका लांबचा होता हे काही कीर्तनकारांनी सांगितलं नव्हतं.

क्रोटन मी वाटून टाकले. हिरवळ उकरली. तिच्या जागी कोरांटी लावली, अबोली लावली, कडेला बहाव्याचं रोप लावलं आणि कोपऱ्यात रुई. रुईबद्दल सोसायटीत थोडी कुजबुज झाली, पण शनिवारी सकाळी मारुतीच्या माळेसाठी तीच मंडळी पिशव्या घेऊन आमच्या दारात येऊ लागली. त्याच पानांवर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या बसलेल्या. रुईचा विषारी चीक त्या पचवतात आणि त्यामुळं पाखरं त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत, असं भाचीनं सांगितलं होतं. मारुतीला द्यावं की अळीला, असा धर्मसंकटाचा प्रसंग दर शनिवारी यायचा. मी मनाशी निकाल केला. मारुती चिरंजीव आहे, तो पुढच्या शनिवारपर्यंत थांबू शकतो. अळीच्या हातात फार तर पंधरा दिवस.

माझा उत्साह पाहता पाहता घरात शिरला. एकादशीच्या दिवशी हिनं साबुदाण्याची खिचडी केली. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "तुला ठाऊक आहे का? साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच. मिरचीसुद्धा अमेरिकेतली."

ही शांतपणे म्हणाली, "म्हणजे या खिचडीत आपलं काय?"

"तूप," मी म्हणालो, "आणि एकादशी."

"मग तूप वाढते तेवढं," ती म्हणाली आणि माझी बशी उचलू लागली. मी घाईघाईनं ती धरून ठेवली. तत्त्वं माणसाला असावीत, पण ती गरम खिचडी समोर नसताना असावीत.

ती बशी परत ठेवताना जे बोलली ते मात्र मला लागलं. "अहो, तुम्ही रत्नागिरीचे. मी वाईची. आप्पा धारवाडचे. वॉचमन नेपाळचा. माळीबुवा लातूरकडचे. तुमच्या त्या वहीत आम्हाला कुठल्या रकान्यात घातलंय?"

मी वही मिटली. यादी करण्याची सवय वाईट. ती झाडांपासून सुरू होते, पण कुठं थांबेल याचा भरवसा नाही. 'आपला' आणि 'परका' हे दोन रकाने एकदा आखले, की हात आपोआप माणसं भरायला लागतो. इतिहासात ज्यांनी अशा वह्या भरल्या, त्यांचीही सुरुवात बहुधा 'जरा साफसफाई करू' अशीच झाली असणार. झाडांचा मळका हिशेब माणसांना लावायचा नाही, हे मी त्या दिवशी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून टाकलं.

पण मग प्रश्न शिल्लक उरलाच. जन्माचा दाखला बघायचा नाही, तर बघायचं काय? सगळंच चालतं म्हणावं, तर घाणेरी आठवते. ही बाई अमेरिकेतून आली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, साहेबांच्या बागेत शोभेला म्हणून. रंगीबेरंगी झुपके बघून कुणाला तरी मोह झाला. पाखरांनी तिची काळी फळं खाल्ली, बिया रानोमाळ टाकल्या, आणि आज हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत जंगलं तिनं अडवली आहेत. तिच्याखाली दुसरं काही नीट उगवत नाही, गुरांना तिचा पाला बाधतो. गाजर गवताचंही तेच. १९५०नंतरच्या दशकात ते आमच्या पुण्याच्या परिसरात प्रथम डोळ्यांवर आलं आणि बघता बघता देशभर झालं. अंगाला लागलं की खाज, नाकात गेलं की शिंका. पण याच घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरांची जत्रा भरते, हेही तितकंच खरं. आणि कृष्णकमळाची वेल अमेरिकेची असूनही तिची पानं आपल्याकडची एक नारिंगी फुलपाखराची अळी मिटक्या मारीत खाते!

मी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, कुठून आला ते विचारूच नकोस. आल्यावर वागतो कसा ते बघ. दुसऱ्याला जागा ठेवतो का? आणि त्याचं पान कुणाच्या उपयोगी पडतं का?"

दुसरा प्रश्न माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत राहिला. आजवर मी बिनभोकाचं पान म्हणजे निरोगी पान असं मानत आलो. क्रोटनच्या पानाला कधी भोक पडलं नाही याचा मला अभिमान होता. आता लक्षात आलं की भोक पडलं नाही, कारण आमच्या बागेत त्याला कुणी ओळखतच नव्हतं. चार वर्षं ते झाड माझ्या दारात उभं होतं आणि एकाही जिवानं त्याला 'काय, कसं काय?' असं विचारलं नाही. पानाला पडलेलं भोक म्हणजे ओळख. कुणीतरी येऊन गेलं, कुणीतरी जेवून गेलं. माझ्यासारख्या रिटायर माणसाला हे पटकन कळलं, याचं कारण उघड आहे. ऑफिसात होतो तेव्हा लोक माझं डोकं खातात अशी माझी तक्रार होती. आता कुणी खात नाही, तर डोकं जागेवर आहे की नाही हे सकाळी उठून चाचपून पाहावं लागतं.

आपण झाडं लावण्याच्या प्रत्येक समारंभात तुकोबांना पुढं करतो. झाडांना त्यांनी सोयरे म्हटलं, हे फलकावर लिहितो. पण त्यांनी रानातल्या जिवांनाही त्याच सोयऱ्यांत धरलंय, हे सोयीस्करपणे विसरतो. आणि सोयरे म्हटल्यावर ते जेवायला येणारच. सोयरे हवेत आणि पंगत नको, ही रीत कुठली?

मग पान कुणाचं? करारनामा बघितला तर ही पट्टी १९९४ सालापासून माझी आहे. पण लिंबाचं कुळ आणि मॉर्मनचं कूळ यांचा संबंध आमच्या करारनाम्यापेक्षा, सोसायटीपेक्षा, इतकंच काय पुण्यापेक्षाही जुना. आपल्याकडच्या कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा दिवस धरून कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक केलं. त्या दिवशी या जागेवर माळरान होतं म्हणतात, आणि माळरानावरच्या एखाद्या रानलिंबावर या अळीची पणजी बसलेली असणार. मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो. कसेल त्याची जमीन हे न्याय्य असेल, तर पान कुणाचं, याचा दावा मी कोर्टात न नेलेलाच बरा.

हे सगळं मी आप्पांना ऐकवलं. आप्पा साधे नाहीत. ते म्हणाले, "छान! मग डासांनाही राहू द्या. ढेकणांचाही वंश जुनाच आहे. त्यांच्यासाठी एक गादी वेगळी घाला."

प्रश्न बिनतोड होता. मी डास मारतो. कालच दोन मारले. डेंग्यूचा ताप आलेल्या माणसाला मी जीवदयेवर व्याख्यान देणार नाही. ज्याचं पोट शेतावर आहे आणि उभ्या पिकाला कीड लागलीय, त्याला तर मुळीच नाही. त्याचं पान म्हणजे त्याच्या मुलांची फी आहे. पण माझं काय अडलं होतं? चार फांद्यांच्या काड्या झाल्या, महिन्याभरात पुन्हा पालवी फुटली असती. मी डास मारतो तो रक्त वाचवायला. अळ्या मारल्या त्या शोभा वाचवायला. जीव घेतल्याशिवाय कुणालाच जगता येत नाही, हे मला मान्य आहे. पण घेतलेल्या जिवाच्या व्हाउचरवर 'कारण' असा एक रकाना असतो, आणि त्यात 'पान वाईट दिसत होतं' एवढंच लिहिलेलं असेल, तर कुठलाही ऑडिटर ते पास करणार नाही. मी तर नाहीच.

त्या उन्हाळ्यात हिनं एक तह केला. कढीलिंबाच्या, तिचा हात पोचेल तिथपर्यंतच्या फांद्या फोडणीच्या, त्यावरच्या अळ्यांच्या. तहनामा अळ्यांनी वाचला नाही, त्यामुळं खालच्या मजल्यावर अतिक्रमण होई. अशा वेळी ही अळीसकट डहाळी उचलून वर नेऊन ठेवी. भाडेकरूला असं सांभाळून घेणारी मालकीण मी पुण्यात दुसरी पाहिलेली नाही.

जुलैत सतरा अळ्या झाल्या. मी नवी वही घेतली. रोज सकाळी चहाआधी मोजदाद. सतरा. दुसऱ्या दिवशी पंधरा. मग बारा. कुंभारीण माशी एकीला उचलून मातीच्या घरट्यात घेऊन गेली. एक कोळ्याच्या जाळ्यात गेली. दोन बेपत्ता. मी अस्वस्थ झालो. ज्यांना गेल्या खेपेला मी स्वतः मारलं, त्यांच्यावर आता माझा असा जीव जडला होता, की मच्छरदाणी कापून झाडाला बांधावी असं मी मनाशी घाटत होतो.

एक दिवस सकाळी असाच वही घेऊन उभा होतो. सगळ्यांत जाड अळी, जिची मी रोज पहिली नोंद करी, ती माझ्या डोळ्यांसमोर पान कुरतडत होती. एवढ्यात झाडात काहीतरी फडफडलं. अंगठ्याएवढा जीव, शेपूट उभारलेली. शिंपी! त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि अळीवर चोच मारली. हाकलायला मी हात वर केला. आणि तो हात तसाच राहिला, कारण अंजिराच्या झाडातून बारीक आवाज येत होता. तीन तरी असावेत. जास्तही असतील.

पाखरू अळी घेऊन अंजिरात गेलं. आवाज क्षणभर थांबला. मी वही उघडली आणि त्या दिवसाच्या तारखेपुढं 'एक वजा' असं लिहिलं. मग बराच वेळ विचार करून ते खोडलं आणि 'एक अदा' असं लिहिलं. हिला दाखवलं नाही. पण दुपारच्या आमटीत दारच्या कढीलिंबाची पानं नेहमीपेक्षा चार जास्त होती, तेव्हा तिनं खिडकीतून पाहिलं असावं.

सतरांपैकी एकच कोष झाला. कंबरेला रेशमाचा पट्टा बांधून तो एका काटकीला टेकून उभा राहिला, आणि एका सकाळी मी दाढी करत असताना ही ओरडली, "अहो, लवकर या!" तोंडाला साबण तसाच घेऊन मी धावलो. काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं फुलपाखरू पंख वाळवत लोंबत होतं. तासाभरानं ते उडालं, रुईवरून गेलं, भिंतीवर चढलं आणि थेट आप्पांच्या गॅलरीकडं निघून गेलं. आभार मानायची पद्धत त्यांच्यात नसावी.

त्यानंतर काही दिवसांनी आप्पा एक कुंडी उचलून घेऊन खाली आले. कुंडीत त्यांचं लाडकं लिंबाचं रोप.

"तुमचा डोळा बारीक आहे," ते म्हणाले. "या पानावर हे काय आहे, जरा बघा. परवापासून आहे. औषध मारावं का?"

मी चश्मा पुसला. पान उचलून उजेडात धरलं. काळपट, मध्ये पांढरं. बारकाईनं पाहिलं तर ते पान कुरतडत होतं.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही खोट्या कागदावर सही केली नव्हती.

"काही नाही आप्पा," मी म्हणालो, "पाखराची शीट आहे. पावसानं जाईल."